नवजात कक्षासाठी जोखीम-पत्रक तयार करताना : जून २०२३ ते फेब्रुवारी २०२४

मी नाशिकमध्ये संख्याशास्त्र शिकवते. जिल्ह्यातील एका रुग्णालयाच्या सोळा खाटांच्या नवजात कक्षासाठी, तेथील बालरोगतज्ज्ञ डॉक्टर आणि इन्चार्ज सिस्टर यांच्यासह, दाखल होणाऱ्या बाळाच्या जिवाचा धोका पहिल्या तासात ओळखता यावा म्हणून आम्ही एक पानाचे पत्रक तयार केले. त्या कामाच्या या नोंदी आहेत. रुग्णालयाचे नाव, मृत्यूंची संख्या आणि पत्रकातील धोक्याचे नेमके गुण येथे दिलेले नाहीत, कारण आम्हाला मिळालेल्या परवानगीत ते बसत नाही. शिवाय एका कक्षाच्या जुन्या नोंदींवरून काढलेले गुण दुसऱ्या कक्षाने तसेच उचलू नयेत, असे माझे मत आहे. उचलण्यासारख्या आहेत त्या आमच्या चुका, म्हणून त्या सविस्तर लिहिल्या आहेत.

१२ जून २०२३

पहिली बैठक झाली. मी तयारी करून गेले होते ती कोणते बाळ दगावेल या प्रश्नाची. डॉक्टरांचा प्रश्न वेगळा होता. ते म्हणाले, "रात्री दोन वाजता माझ्याकडे एक निवासी डॉक्टर आणि दोन सिस्टर असतात. बाळाला ऊब देणारे वॉर्मर सोळा, बाळे कधी कधी एकवीस. कोणाकडे आधी जायचे एवढे मला कळले तरी पुरे." कक्षातील निम्मी बाळे बाहेरून येतात, पेठहून घाट चढून, सुरगाण्याहून वणी-दिंडोरीमार्गे, इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतून, बहुतेक १०८ च्या किंवा १०२ च्या गाडीने आणि बहुतेक रात्री.

बाळाचा धोका गुणांत मांडणाऱ्या तयार पद्धती आधी तपासल्या. स्नॅप-दोन आणि तिची वाढीव आवृत्ती स्नॅपी-दोन यांना रक्ताचा पीएच, रक्तातील ऑक्सिजनचा दाब, रक्तदाब आणि लघवीचे प्रमाण लागते. क्रिब-दोनला बेस एक्सेस, म्हणजे रक्तातील आम्लतेचे एक माप, लागतो. कक्षात रक्तवायू तपासणीचे यंत्र नाही, त्यामुळे दोन्ही पद्धती पहिल्याच दिवशी बाजूला पडल्या. एनएमआर-२००० ही २००० ग्रॅमपर्यंतच्या बाळांसाठीची पद्धत आम्हाला जवळची वाटली, कारण तिला तीनच गोष्टी लागतात : जन्मवजन, दाखल होतानाचे ऑक्सिजनचे प्रमाण आणि पहिल्या चोवीस तासांत द्यावा लागलेला श्वसनाचा सर्वांत मोठा आधार. पण तिसरी गोष्ट दिवस संपल्यावरच कळते, आणि आमच्याकडे सी-पॅपची, म्हणजे नाकावाटे सतत दाबाने हवा देऊन श्वासाला आधार देणारी, यंत्रे दोनच आहेत. तिसऱ्या बाळाला सी-पॅप मिळाले नाही याचा अर्थ त्याला त्याची गरज नव्हती, असा होत नाही. त्या दिवशी ठरलेला नियम शेवटपर्यंत टिकला : दाखल झाल्यापासून एका तासात, सिस्टरच्या हातातील साधनांनी जे मोजता येते, तेवढेच वापरायचे.

५ जुलै २०२३

नैतिकता समितीकडे दिलेला अर्ज परत आला. केसपेपरवरील नावे कोण काढणार, नाव आणि क्रमांक यांची जुळणी दाखवणारी यादी कोणाकडे राहणार आणि ती कधी नष्ट होणार, हे मी लिहिलेच नव्हते. आक्षेप रास्त होता. दुरुस्त अर्ज मंजूर होईपर्यंत तीन आठवडे गेले. अशा कामाला हात घालणाऱ्याने हा भाग सर्वांत आधी लिहावा.

२९ जुलै २०२३

तीन वर्षांचे केसपेपर, सुमारे अकराशे, संगणकात भरण्याचे काम दोन विद्यार्थिनींना दिले. दर केसपेपरमागे १२ रुपये ठरले. कागदपत्रांच्या खोलीचे छत पावसात गळते. २०२१ च्या पावसाळ्यातील एक गठ्ठा इतका भिजला होता की, पाने सुटी करताना शाई बोटांना लागत होती. तो सोडून द्यावा लागला, आणि हे नुकसान दिसते त्याहून मोठे आहे, कारण त्यात नेमकी पावसाळी महिन्यांतील, म्हणजे रस्ते बंद असताना उशिरा पोहोचलेली बाळे होती.

पहिल्या तीनशे नोंदींनंतर काम थांबवले. वजन कोठे किलोत, कोठे ग्रॅममध्ये होते. तापमानाच्या एकाच रकान्यात सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्ही होते. हे आकडा पाहून ओळखता येते. वयाचे तसे नाही : "२" म्हणजे दोन तास की दोन दिवस, हे कागद पुन्हा हातात घेतल्याशिवाय कळत नव्हते. जुळ्या बाळांनी सर्वांत जास्त त्रास दिला. आईच्या नावाने नोंद असल्याने दोन बाळांचे कागद एकत्र बांधलेले होते आणि काही ठिकाणी एकाचे वजन दुसऱ्याच्या निकालासमोर गेले होते. आम्ही प्रत्येक दहावा केसपेपर दुसऱ्या विद्यार्थिनीकडून पुन्हा भरून घेऊ लागलो आणि दोन्ही नोंदी जुळत नसतील तेथे तिसऱ्यांदा मूळ कागद पाहिला. हे पहिल्या दिवसापासून केले असते तर दहा दिवस वाचले असते.

१४ ऑगस्ट २०२३

तापमानाचा आलेख काढला आणि काम पुन्हा अडले. नोंदींचा मोठा ढीग नेमका ३६.५ वर होता, दुसरा लहान ढीग नेमका ३५ वर, आणि ३५ च्या खाली जवळजवळ काहीच नव्हते. ३६.५ ते ३७.५ हे बाळाचे सामान्य तापमान मानतात. म्हणजे आमच्या कागदांवरची बहुतेक बाळे सामान्य मर्यादेच्या अगदी कडेवर उभी होती, आणि हे शक्य नव्हते.

इन्चार्ज सिस्टरांनी कारण सांगितले तेव्हा मला वाईट वाटले, कारण ते विचारायला मी दोन महिने लावले होते. कक्षातील पाऱ्याच्या थर्मामीटरवर खुणाच ३५ पासून सुरू होतात. ज्या बाळाचे अंग त्याहून थंड आहे त्याच्या नावापुढे कोणी ३५ लिहिते, कोणी जागा रिकामी सोडते. गर्दीच्या रात्री वॉर्मरच्या पडद्यावर दिसणारा आकडाच उतरवला जातो, आणि तो आकडा वॉर्मरने स्वतः बाळाला तापवल्यानंतरचा असतो. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ३२ च्या खाली तापमान गेले तर तीव्र शीतावस्था धरतात. आमच्या साधनाने तो वर्ग दिसणेच शक्य नव्हते.

उपाय दोन केले. जुन्या नोंदींत तापमानाचे आकडे न वापरता "३६ किंवा अधिक", "३६ पेक्षा कमी" आणि "नोंद नाही" असे तीनच वर्ग ठेवले. आणि ३२ पर्यंत मोजणारी चार डिजिटल थर्मामीटर विकत घेतली, प्रत्येकी ३५० रुपयांना. पूर्ण प्रकल्पात बाळांच्या सर्वांत थेट उपयोगाची खरेदी हीच झाली, असे मला आजही वाटते.

ऑक्सिजनच्या प्रमाणाचा रकाना मात्र जुन्या नोंदींतून वगळावा लागला. ९४ हा आकडा साध्या हवेवरचा की ऑक्सिजनची नळी लावल्यानंतरचा, हे कोठेच लिहिलेले नव्हते. थंड पडलेल्या पायावर ऑक्सिजन मोजणारा प्रोब नीट आकडा पकडत नाही, हाही प्रश्न होताच.

३ सप्टेंबर २०२३

जुन्या नोंदींवरून मृत्यूचा धोका सांगणारे पहिले गणित चालवले आणि ते इतके चांगले जुळले की, मी रात्रीच डॉक्टरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गणितात कोणत्या गोष्टींना किती महत्त्व मिळाले आहे ते वाचून दाखवायला सांगितले, आणि पाचव्या ओळीला ते थांबले. ॲड्रिनॅलिन दिले की नाही, हा रकाना मी गणितात ठेवला होता. हृदय थांबत आले असतानाच ते औषध देतात. परीक्षेचा पेपर फुटावा तसा बाळाचा निकाल माझ्या माहितीतच आधीपासून पडलेला होता.

तो रकाना काढला, तरी आकडे संशयास्पद चांगलेच राहिले. दोन दिवस शोधल्यावर सापडले की, रक्तातील साखरेची नोंद रिकामी असणे हे गणिताने मृत्यूचे मोठे लक्षण म्हणून शिकले होते. कारण साधे होते. जे बाळ आले तेव्हाच श्वास घेत नव्हते, त्याच्याजवळ सर्वांचे हात अंबू बॅगवर, म्हणजे हाताने श्वास देण्याच्या पिशवीवर, होते. टाचेला टोचून साखर पाहायला कोणी मोकळे नव्हते, आणि नंतर पाहण्याची वेळच आली नाही.

काही जाणकारांनी मला हा रिकामेपणा तसाच वापरण्याचा सल्ला दिला, कारण त्यातही माहिती असते. मी तो मानला नाही. पत्रक आल्यावर प्रत्येक बाळाची साखर तपासली जावी, असाच आमचा प्रयत्न राहणार होता. म्हणजे ज्या दिवशी कक्षाचे काम सुधारेल त्याच दिवशी गणित चुकू लागेल. शेवटी साखर गुणांतून पूर्णपणे काढली. दर डेसिलिटरला ४५ मिलिग्रॅमच्या खाली साखर असेल तर बाळाचे एकूण गुण कितीही असोत, उपचार लगेच सुरू करायचे असतात. त्यासाठी गुणांची वाट पाहायला लावणे चूक ठरले असते. पत्रकावर तिला गुणांशिवाय, सर्वांत वरची स्वतंत्र चौकट दिली.

यानंतर प्रत्येक रकान्यासमोर "ही गोष्ट कक्षात किती वाजता कळते" असे लिहून काढले आणि तासानंतर कळणारे सर्व काढून टाकले. चौतीस रकान्यांपैकी अकरा उरले.

२५ सप्टेंबर २०२३

निकालाच्या रकान्यात चार शब्द आहेत : घरी सोडले, मृत्यू, रेफर आणि लामा. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नातेवाईक बाळाला घेऊन जातात त्याला कक्षात सगळे लामा म्हणतात. मी सुरुवातीला या नोंदी वगळल्या होत्या, आणि एका फेरीत तर चुकून जिवंत धरल्या होत्या. सिस्टरांनी विचारले, "ताई, जे बाळ आम्ही कोणत्या अवस्थेत सोडले हे आम्हाला माहीत आहे, ते तुमच्या हिशेबात बरे कसे झाले?"

समितीची वेगळी परवानगी घेऊन, समुपदेशक ताई आणि गावच्या आशाताई यांच्यामार्फत या कुटुंबांची चौकशी केली. अनेक फोन बंद होते. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील काही पाड्यांवर फोन लागतच नव्हता आणि काही कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी निफाड-दिंडोरीकडे गेलेली होती. ज्यांचा ठावठिकाणा लागला त्यांतील बरीच बाळे घरी पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत दगावली होती. नेण्याची कारणेही याच चौकशीत कळली : घरी दुसरी लहान मुले, मजुरी बुडणे, आई दुसऱ्याच दवाखान्यात भरती असणे. उपचार मोफत असले तरी शहरात राहणाऱ्या नातेवाइकाचे जेवण मोफत नसते.

शेवटी निकालाची व्याख्या बदलली. मृत्यू, तसेच डॉक्टरांच्या शेवटच्या टिपणात प्रकृती गंभीर असे लिहिलेले असताना बाळ नेले गेले असेल तर तेही, एकाच गटात धरले. सर्व गणिते दोन्ही व्याख्यांनी केली आणि दोन्हींत टिकले तेवढेच पुढे नेले.

१८ ऑक्टोबर २०२३

गर्भाचे वय वापरायचे की नाही यावर आठवडा गेला. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते हवेच होते, कारण १६०० ग्रॅमचे पूर्ण दिवसांचे बाळ आणि १६०० ग्रॅमचे बत्तीस आठवड्यांचे बाळ यांचा धोका सारखा नाही. पण पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीचा कागद फार थोड्या केसपेपरांना जोडलेला होता. शेवटच्या पाळीची तारीख विचारली तर दिवाळीतल्या वाघबारशीच्या आधी किंवा होळीनंतर, असे उत्तर मिळते. त्या उत्तराला स्वतःची अचूकता असते आणि आजीला नीट विचारले तर ती पंधरवड्यापर्यंत येते, पण रात्री दोन वाजता तेवढे विचारायला कोणी मोकळे नसते. बाळाच्या शरीराच्या खुणांवरून गर्भाचे वय ठरवणाऱ्या बॅलार्ड तपासणीसाठी बाळाला बरेच हाताळावे लागते, आणि थंड पडलेल्या, धापा टाकणाऱ्या बाळाला पहिल्या तासात तसे हाताळू नये असे डॉक्टरांचे स्पष्ट मत पडले. गर्भाचे वय वगळले. ही उणीव पत्रकात राहिली आहे आणि ती मला मान्य आहे.

२० नोव्हेंबर २०२३

दिवाळीनंतर अंतिम गणित केले. एका चलामागे, म्हणजे गणितात घेतलेल्या एका गोष्टीमागे, निदान दहा मृत्यू असावेत, हा जुना ठोकताळा पाळला. आमच्या संख्येत पाचपेक्षा अधिक चले बसत नव्हती. राहिली ती ही : वजन, तापमानाचा वर्ग, श्वासाचा त्रास (कण्हणे आणि छाती आत ओढली जाणे), छातीवर बोट दाबून सोडल्यावर रंग परत यायला तीन सेकंदांहून अधिक वेळ लागणे, आणि बाळाची हालचाल. लॉजिस्टिक रिग्रेशन या धोक्याची शक्यता काढण्याच्या साध्या पद्धतीने प्रत्येक चलाला दिलेल्या सहगुणकांना पूर्णांकी गुणांत बदलले (गुण जास्त तर धोका जास्त), म्हणजे सिस्टरांना मनातल्या मनात बेरीज करता येईल. विद्यार्थिनींच्या आग्रहाखातर रँडम फॉरेस्ट हे अनेक निर्णयवृक्षांचे संगणकी गणितही चालवून पाहिले. नवीन नोंदींवर ते वरचढ ठरले नाही आणि ते कागदावर उतरवताही येत नाही.

तपासणीसाठी नोंदींचे यादृच्छिक भाग करण्याची चूक मी आधी केली होती; त्यामुळे जुळ्यांपैकी एक बाळ शिकण्याच्या भागात आणि दुसरे तपासणीच्या भागात जात होते. नंतर पहिली दोन वर्षे शिकण्यासाठी आणि तिसरे वर्ष तपासणीसाठी ठेवले. तेव्हा एक दोष उघड झाला. बाळांची क्रमवारी बरोबर लागत होती, पण बाहेरून आलेल्या बाळांचा धोका गणित सातत्याने कमी सांगत होते, कारण प्रवासात किती वेळ गेला आणि वाटेत काय झाले हे आमच्या पाच चलांत नव्हते. बाहेरून आलेल्या बाळासाठी वेगळा प्रारंभिक गुण दिल्यावर हा फरक बराच कमी झाला. केवळ क्रमवारी मोजणारा एकच आकडा पाहून मी थांबले असते, तर ज्या बाळांसाठी हे काम हाती घेतले त्यांच्याच बाबतीत पत्रक चुकले असते.

२ डिसेंबर २०२३

पत्रकाची छपाई झाली. केसपेपरच्या दर्शनी पानावर लावायला लाल, पिवळी आणि हिरवी चिकटपट्टी, ९०० रुपयांची. ही कल्पना माझी होती. अंधारातही लांबून दिसावे, एवढाच विचार मी केला होता.

१० डिसेंबर २०२३

काल पहाटे एक बाळ गेले. म्हणजे नेले गेले. १४०० ग्रॅमच्या आसपासचे, बाहेरून आलेले, आले तेव्हा थंड. गुण जास्त झाले म्हणून लाल पट्टी लागली. केसपेपर वॉर्मरला टांगलेला होता आणि काचेतून दिसत होता. रात्रभर बाळ सावरत होते. अंग ऊबदार झाले, श्वासाचा वेग कमी झाला, नळीने थोडे दूधही पचले. पहाटे आजीने सिस्टरांना विचारले, "लाल लावलं म्हणजे हे राहत नाही ना? मग घरी नेतो." शेजारच्या बाळाला हिरवी पट्टी होती आणि रंगांचा अर्थ बाहेर बसलेल्या नातेवाइकांनी आपापसांत लावलेला होता. सिस्टरांनी दीड तास समजावले, निवासी डॉक्टरांनी समजावले, पण निर्णय आधीच झालेला होता. सही करून ते गेले.

आज मी कक्षात गेले तेव्हा पट्ट्यांचे उरलेले गठ्ठे सिस्टरांनी कपाटात कुलूपबंद करून ठेवले होते. त्यांनी मला दोष दिला नाही. मी मात्र तो घेतला आहे आणि येथे लिहून ठेवते : लामाचे काय परिणाम होतात हे सप्टेंबरमध्ये स्वतः तपासूनही, मी छापलेला कागद नातेवाइकांच्या नजरेस पडेल तेव्हा ते काय समजतील, हा प्रश्न मी एकदाही कोणाला विचारला नाही. माझ्या लेखी लाल म्हणजे "याच्याकडे आधी या" असे होते. आजीने तो वाचला तो निकाल म्हणून, आणि रंगाचा तो अर्थ तिने काही नव्याने शोधलेला नव्हता.

आशाताईंना निरोप गेला आहे. त्या उद्या पाड्यावर जाणार आहेत.

१३ डिसेंबर २०२३

बाळ जिवंत आहे. आशाताईंनी आईला बाळ छातीशी धरून ठेवायला शिकवले, ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी तपासले आणि कुटुंब तेथील नवजात स्थिरीकरण कक्षात बाळाला भरती करायला तयार झाले. परत येथे यायला ते तयार नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही कदाचित नसते.

बदल असे केले. रंग पूर्ण काढले. पत्रक केसपेपरच्या आत, उपचारांच्या पानामागे जाते. त्यावर टक्केवारी नाही, "अतिजोखीम" हा शब्द नाही; गुणांसमोर थेट कृती लिहिलेली आहे, जसे की "डॉक्टरांना आत्ता बोलवा, तापमान दर अर्ध्या तासाने, सी-पॅपसाठी विचार". नातेवाइकांशी काय बोलायचे हे डॉक्टर आणि सिस्टर यांनी मिळून ठरवले : गुण सांगायचे नाहीत, बाळाला आत्ता काय त्रास आहे, त्यावर काय चालू आहे आणि पुन्हा कधी सांगू, एवढे सांगायचे. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी. खर्च शून्य.

९ जानेवारी २०२४

निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या आहेत आणि कक्षात रोज थंड बाळे येत आहेत. नव्या थर्मामीटरांवर ३४, ३३.६ असे आकडे प्रथमच दिसू लागले. त्यामुळे एक अडचण आली : बाहेरून आलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाचे गुण जास्त येतात, आणि सगळ्यांकडेच आधी जा, असे सांगणारे पत्रक कोणी वाचत नाही. दोन रात्री ते भरलेच गेले नव्हते. निवासी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, सोळापैकी दहा नावे पुढे आली तर यादीचा उपयोग नाही.

आता गुण दोनदा काढतो. पहिले येताच, दुसरे ऊब दिल्यावर एका तासाने. आणि ठरावीक गुणांच्या वरची सगळी बाळे न दाखवता दुसऱ्या गुणांनुसार प्रत्येक पाळीसाठी पहिली चारच नावे फळ्यावर खाटेच्या क्रमांकाने लिहितो. चार हा आकडा गणितातून आलेला नाही. दोन सिस्टरांना खरोखर जवळून लक्ष ठेवता येईल अशी बाळे चार, असे त्यांनीच सांगितले.

येतानाच्या गुणांचा उपयोग वेगळा निघाला. कोणत्या केंद्राकडून बाळे थंड येतात, हे महिन्याभरातच दिसले. डॉक्टरांनी तेथे फोन करून विचारले तेव्हा कळले की, बाळाला कापसात गुंडाळून वेगळ्या झोळीत ठेवतात आणि आई मागाहून दुसऱ्या गाडीने येते. बाळ आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, वरून शाल घेऊन आणावे, अशी विनंती केली. त्वचेला त्वचा लावण्याची ही कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटात सुरू झाली तीच इन्क्युबेटर पुरत नाहीत म्हणून. आणि भारतासह पाच देशांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,००० ते १,७९९ ग्रॅमच्या बाळांना जन्मानंतर लगेच ती दिल्यावर २८ दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. तो अभ्यास रुग्णालयातला होता, गाडीतला नव्हता, हे डॉक्टरांनी मला बजावले. तरी आईची प्रकृती ठीक असेल तर दोघांना एकाच गाडीने पाठवायला दोन केंद्रे तयार झाली आहेत.

२८ जानेवारी २०२४

निवासी डॉक्टर आनंदाने म्हणाले की, सर्वांत जास्त गुणांचे बाळ बरे होऊन घरी गेले, म्हणजे पत्रक चुकले. त्यांना बसवून नीट सांगितले : ते बाळ फळ्यावर पहिले होते, सी-पॅप त्यालाच मिळाले आणि रात्रभर सिस्टर त्याच्याजवळ होत्या. अशी बाळे वाचू लागली की, नव्या नोंदींवर गणित पुन्हा चालवल्यास ते शिकेल की हे गुण धोक्याचे नाहीत, आणि पुढच्या अशाच बाळाला खाली ढकलेल. म्हणून या वर्षीच्या नोंदींवर गुण आपोआप बदलायचे नाहीत असे ठरवले. कोणत्या बाळाला काय उपचार केव्हा मिळाले, याची वेळेसह नोंद ठेवण्यासाठी पत्रकाच्या मागच्या बाजूला तीन ओळी वाढवल्या.

१८ फेब्रुवारी २०२४

आतापर्यंतचा खर्च : केसपेपर भरणे १३,२०० रुपये, प्रत्येक दहाव्याची फेरनोंद १,३२०, थर्मामीटर १,४००, बाळांसाठीचा ऑक्सिमीटरचा प्रोब १,८००, पत्रकांची छपाई १,६०० आणि वाया गेलेल्या रंगीत पट्ट्या ९००, एकूण २०,२२०. संगणकाचे सर्व काम मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, माझ्या जुन्या लॅपटॉपवर झाले. वेळेचा हिशेब लावला तर गणिताला जेमतेम तीन आठवडे लागले आणि उरलेले महिने कागद समजून घेण्यात गेले.

चारपैकी एक थर्मामीटर हरवले आहे. सिस्टरांनी उरलेली तीन पांढऱ्या दोरीने वॉर्मरला बांधली आहेत आणि पाचवे मागवले आहे. पत्रकाच्या पुढच्या छपाईत तापमानाच्या चौकटीशेजारी "किती वाजता मोजले" यासाठी जागा हवी, असे त्यांनी सांगितले. काल रात्री ती जागा नसल्याने दोन वेगवेगळ्या वेळांचे आकडे एकाच ओळीत पडले. छापखान्यात उद्या नवीन मजकूर द्यायचा आहे.